अकरा वर्षांनी निर्दोष सुटलेल्या भावाला भरपाई मिळेल का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ तालुक्याच्या गावी वेल्डिंगचा गाळा चालवत होता. २०१४ साली एका खुनाच्या गुन्ह्यात त्याला अटक झाली, २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली आणि सात महिन्यांपूर्वी उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. निकालपत्रात ‘संशयाचा फायदा’ असे शब्द आहेत. मात्र हत्यार काढून दिल्याचा पंचनामा विश्वासार्ह नाही, दोन्ही पंच पोलीस ठाण्याचे नेहमीचे पंच आहेत आणि भावाच्या सह्या कोऱ्या कागदांवर घेतल्या गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही त्यात लिहिले आहे. वकिलांच्या फीसाठी आम्ही दीड एकर जमीन विकली. आई गेली तेव्हा भावाला अंत्यविधीला येता आले नाही. आता गावातले लोक म्हणतात की सरकार भरपाई देते, कलेक्टर कचेरीत अर्ज करा. एक वकील मिळणाऱ्या रकमेच्या तीस टक्क्यांवर काम करायला तयार आहेत. भाऊ मात्र म्हणतो, मला पुन्हा कोर्टाची पायरी नको. आम्ही काय करावे?
— एक बहीण, परभणी जिल्हा

उत्तर : ताई, आधी कलेक्टर कचेरीचे सांगतो, म्हणजे तुमचे निदान दोन-चार हेलपाटे वाचतील. निर्दोष सुटलेल्या माणसाला अर्ज केल्यावर ठरावीक रक्कम देणारी कोणतीही योजना आपल्याकडे नाही, आणि तसा कायदाही नाही. गावातल्या लोकांचा घोळ बहुधा मनोधैर्य योजनेवरून किंवा पीडितांसाठीच्या नुकसानभरपाई योजनेवरून झाला असावा. त्या दोन्ही योजना गुन्ह्याची झळ पोहोचलेल्यांसाठी आहेत, खोट्या गुन्ह्यात अडकवले गेलेल्यांसाठी नाहीत. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात विनाकारण झालेल्या अटकेबद्दल भरपाई देण्याचे एक कलम आहे खरे, पण त्यातली कमाल रक्कम एक हजार रुपये आहे आणि ती सरकारने नव्हे, तर ज्याच्या सांगण्यावरून अटक झाली त्याने द्यायची असते. २०२४ मध्ये जुनी संहिता जाऊन नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी हा हजाराचा आकडा जागचा हललेला नाही.

कायदा का नाही, याची हकीकत थोडक्यात अशी. चुकीने शिक्षा झालेल्या माणसाला कायद्याप्रमाणे भरपाई दिली जावी, असे सांगणारा नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला. स्वीकारतानाच, बेकायदा अटकेबद्दल भरपाई मागण्याचा हक्क आमच्या कायद्यात नाही, असे निवेदनही सरकारने जोडून दिले. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हा विषय विधी आयोगाकडे सोपवला आणि आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपला २७७ वा अहवाल दिला. अशा दाव्यांसाठी विशेष न्यायालये असावीत आणि रोख रकमेबरोबर समुपदेशन, कौशल्य प्रशिक्षण, पुनर्वसन असे साहाय्यही मिळावे, अशी शिफारस त्यात आहे. अहवाल अजून अहवालच आहे. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका फाशीच्या कैद्याला निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयाने या उणिवेकडे पुन्हा बोट दाखवले आणि कायदा करणे हे विधिमंडळाचे काम असल्याचे नमूद केले.

मग भरपाई मिळते ती कशाच्या आधारावर? तर संविधानाच्या. १९८३ साली रुदल शाह नावाच्या बिहारमधील कैद्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले. सत्र न्यायालयाने त्याला जून १९६८ मध्ये निर्दोष सोडले होते, आणि तो प्रत्यक्षात मुजफ्फरपूरच्या तुरुंगातून बाहेर पडला ऑक्टोबर १९८२ मध्ये. सुटकेच्या आदेशानंतरही चौदा वर्षे! सरन्यायाधीश होते आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. अशा माणसाला नुसते ‘तुझी कैद बेकायदा होती’ असे सांगून परत पाठवणे म्हणजे स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काला ओठांपुरताच मान देणे होईल, अशी भूमिका घेऊन त्यांच्या पीठाने राज्याला तीस हजार रुपये देण्याचा आदेश दिला. पाच हजार सरकारने आधीच दिले होते. पस्तीस हजारांना त्या दिवसांनी भागले तर दिवसाला सात रुपयेही पडत नाहीत. तरीही त्या पस्तीस हजारांनी एक दार उघडले आणि तुमच्या भावालाही त्याच दाराने आत जायचे आहे. १९९३ मध्ये ओडिशातील नीलाबती बेहेरा प्रकरणात, म्हणजे पोलीस कोठडीत मुलगा गमावलेल्या आईच्या प्रकरणात, न्यायालयाने हे तत्त्व पक्के केले : मूलभूत हक्काचा भंग राज्याच्या नोकरांनी केला असेल तर ‘सार्वभौम सत्तेला जबाबदार धरता येत नाही’ हा सरकारचा जुना बचाव चालणार नाही, आणि नागरिकाला दिवाणी दाव्याची वाट न धरताही रिट याचिकेत, म्हणजे मूलभूत हक्कासाठी थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जात, भरपाई मिळू शकेल.

आता यातली मेख समजून घ्या, कारण पुढचा सगळा सल्ला तिच्याभोवती फिरतो. आपल्याकडे भरपाई निर्दोष सुटल्याबद्दल मिळत नाही. यंत्रणेने चूक केली किंवा खोटेपणा केला आणि त्यामुळे माणूस आत राहिला, हे दिसले तर मिळते. पुरावा अपुरा पडला म्हणून सुटणे वेगळे आणि पुरावा रचलेला होता म्हणून सुटणे वेगळे, असा भेद न्यायालये मनात धरतात, मग निकालाच्या शेवटच्या ओळीत दोघांनाही ‘निर्दोष’ म्हटलेले असो.

दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. पहिला आपल्याच राज्यातला, नाशिकचा. २००३ मधील खून, दरोडा आणि बलात्काराच्या गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा मजुरांना फाशी झाली. उच्च न्यायालयाने त्यातील तिघांची जन्मठेप केली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलट सहाही जणांना फाशीच कायम केली. पुढे पुनर्विलोकनाच्या अर्जावर प्रकरण नव्याने ऐकले गेले, तेव्हा दिसले ते असे : हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांच्या छायाचित्रांच्या संग्रहातून भलत्याच चार जणांना ओळखले होते, आणि त्या चौघांच्या दिशेने तपास झालाच नव्हता. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश महाराष्ट्र शासनाला दिला आणि तपासातील दोषी अधिकारी शोधून त्यांच्यावर कारवाई करण्यास सांगितले. त्यांतील एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे मधल्या काळात उघड झाले होते. सोळा वर्षांचे पाच लाख, म्हणजे दिवसाला पंच्याऐंशी रुपयांच्या आसपास.

दुसरा निकाल गुजरातमधील अक्षरधाम मंदिरावरील हल्ल्याच्या प्रकरणातला. तेथे दोषी ठरवलेल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये निर्दोष सोडले, आणि तपासावर कडक शब्दांत ताशेरेही ओढले. त्यानंतर काही जणांनी भरपाईसाठी अर्ज केला, तेव्हा त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये तो ऐकून घेण्यास नकार दिला. सुटलेला प्रत्येक जण भरपाई मागू लागेल आणि घातक पायंडा पडेल, असा त्यामागचा सूर होता. मला तो निकाल पटलेला नाही. पायंडा घातक कोणासाठी, हा प्रश्न त्यात राहूनच जातो. परंतु सरकारी वकील तो तुमच्यासमोर ठेवणार हे नक्की, म्हणून आधीच माहीत असू द्या.

तुमच्या भावाच्या निकालपत्रातील ‘संशयाचा फायदा’ या शब्दांनी खचून जाऊ नका. ते आपल्या निकालपत्रांतले सवयीचे शब्द आहेत. त्यांच्या आधीची पाने महत्त्वाची आहेत. नेहमीचे पंच, कोऱ्या कागदांवरील सह्या आणि अविश्वसनीय पंचनामा ही तीन वाक्ये उच्च न्यायालयाने स्वतः लिहिलेली असल्यामुळे तुमचे प्रकरण नाशिकच्या बाजूला झुकते. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि ही वाक्ये ज्या परिच्छेदांत आहेत त्यांचे क्रमांक एका कागदावर उतरवून ठेवा. कोणत्याही वकिलाकडे जाल तेव्हा तोंडी कहाणीआधी तो कागद पुढे करा.

मार्ग दोन आहेत. पहिला, संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात रिट याचिका. येथे साक्षीपुरावा होत नाही; शपथपत्रे, निकालपत्र आणि कागदपत्रे यांवर काम चालते. वस्तुस्थितीबद्दल मोठा वाद आहे असे न्यायालयाला वाटले तर ते तुम्हाला दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवू शकते, म्हणूनच उच्च न्यायालयाचीच ती तीन वाक्ये एवढी मोलाची. दुसरा मार्ग, द्वेषबुद्धीने खटला भरल्याबद्दल दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा. त्यात खटल्याला वाजवी कारण नव्हते आणि तो द्वेषबुद्धीने भरला गेला, हे तुम्हाला नव्याने शाबीत करावे लागते. निर्दोष मुक्ततेचा निकाल तेथे फार तर भाऊ सुटला एवढेच सिद्ध करतो. मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते, आणि भावाला पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणी द्यावी लागते. तुम्ही त्याच्याविषयी जे लिहिले आहे ते वाचता, माझे मत स्पष्टपणे रिट याचिकेच्या बाजूने आहे.

असे असले तरी दाव्याची मुदत डोळ्यांआड करू नका. ती निर्दोष सुटल्यापासून एक वर्षाची असते, म्हणजे तुमच्याकडे पाचच महिने उरले आहेत. शासनाविरुद्ध दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो हे खरे, पण त्यावर विसंबून शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबणे शहाणपणाचे नाही. पोलीस अधिकाऱ्यांना व्यक्तिशः प्रतिवादी करायचे असल्यास महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील कलम १६१ ची मुदत याहूनही आखूड आहे. तिचे काय, हा प्रश्न वकिलांना पहिल्याच भेटीत विचारा. रिट याचिकेला अशी ठरलेली मुदत नसली तरी उशीर का झाला हे न्यायालय विचारतेच. राज्य मानवी हक्क आयोगाचा पर्यायही कोणीतरी सुचवील; तेथे घटनेपासून वर्षभरात तक्रार करावी लागते आणि आयोग केवळ शिफारस करतो, म्हणून त्याच्यावर फार वेळ घालवावा असे मी म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. सुटताना भावाकडून सहा महिन्यांसाठी जातमुचलका लिहून घेतला असेल. शासन वरच्या न्यायालयात गेले तर त्याने हजर राहावे, यासाठी तो असतो. ती मुदत सरली आहे. तरीही शासनाने सर्वोच्च न्यायालयात अपिलासाठी अर्ज केला आहे का, हे त्या न्यायालयाच्या संकेतस्थळावर खटल्याच्या तपशिलावरून पाहता येते, किंवा वकिलांकडून पाहून घ्या. मुंबईच्या २००६ मधील रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही जणांना निर्दोष सोडले आणि तीनच दिवसांत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. सुटलेल्यांना परत तुरुंगात जावे लागले नाही, पण निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही, असा आदेश झाला. तुमच्या प्रकरणात अपील झालेले असेल तर भरपाईची याचिका ते निकाली निघेपर्यंत रेंगाळेल, हे गृहीत धरा.

किती रक्कम मागावी, याचे कोष्टक आपल्याकडे नाही. जपानमध्ये आहे. तेथे चुकीने भोगलेल्या कैदेच्या प्रत्येक दिवसाला कमाल १२,५०० येन असा कायदाच आहे, आणि सत्तेचाळीस वर्षांहून अधिक काळ कैदेत काढलेल्या इवाओ हाकामादा यांना २०२५ मध्ये त्याच दराने सुमारे २१ कोटी ७० लाख येन मिळाले. आपल्याकडे इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना, ज्यांना शिक्षा कधी झालीच नव्हती पण खोट्या हेरगिरी प्रकरणात सुमारे पन्नास दिवस कोठडी भोगावी लागली, त्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पन्नास लाख रुपये दिले. नाशिकच्या सहा जणांना त्यानंतर सहाच महिन्यांत प्रत्येकी पाच. दोन्ही आदेश योग्यच, पण शेजारी ठेवले की वाचणारा गप्प होतो. म्हणून रकमेचा आकडा हवेत सोडू नका. तो कागदांवर उभा करा. जमिनीचे खरेदीखत आणि फेरफाराची नोंद घ्या, ज्यावरून अटकेनंतर किती महिन्यांनी जमीन विकली ते दिसेल. गाळ्याचा भाडेकरार, व्यावसायिक वीजजोडणीची बिले, दुकान नोंदणीचा दाखला, ग्रिल-दरवाजांच्या कामांच्या पावत्या, लोखंडाच्या दुकानातील उधारीची वही, जे मिळेल ते जमवा. २०१४ मध्ये भाऊ महिन्याला किती कमावत होता, हे अशाच कागदांतून सांगता येते. तुरुंगातून कैदेच्या एकूण कालावधीचा दाखला घ्या. आईच्या निधनानंतर अभिवचन रजेचा (पॅरोलचा) अर्ज केला होता असे असेल तर त्या अर्जाची आणि नकाराची नक्कलही मागा. अंत्यविधीला येऊ न शकलेल्या मुलाचे दुःख शपथपत्रात चार ओळींत मावत नाही, पण तारखा असलेला नकाराचा कागद न्यायमूर्तींच्या हातात पडला की त्याला वेगळे वजन येते.

सगळ्यात सोपी रक्कम मात्र तुम्ही विसरलेल्या असणार. जन्मठेपेबरोबर दंडही झाला असेल आणि तो भरला असेल, तर सत्र न्यायालयात साधा अर्ज देऊन तो परत मिळतो. निकालाच्या शेवटी तसा आदेश बहुतेक वेळा असतो. जप्त केलेला मोबाईल, दुचाकी, गाळ्यातील हत्यारे-अवजारे मुद्देमालात पडून असतील तर तीही मागा. तुरुंगातील कामाची मजुरी खात्यावर शिल्लक आहे का, तेही विचारा. हे पैसे थोडे असतात, पण त्यांच्यासाठी कोणाची कृपा लागत नाही.

तीस टक्क्यांच्या वकिलांना नम्रपणे नकार द्या. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे, आणि तो नियम मोडून सुरुवात करणारा माणूस पुढे कोणता पाळील, सांगता येत नाही. फी परवडत नसेल तर उच्च न्यायालयाच्या खंडपीठातील विधी सेवा उपसमितीकडे अर्ज करा. कमी उत्पन्न असलेल्यांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना तेथे विनामूल्य वकील मिळतो. परभणीतील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणही तो अर्ज भरून पुढे पाठवू शकते. वकिलांना एवढेही सांगा की फाशीतून निर्दोष सुटलेल्या तिघांनी, त्यांतील एक आपल्या ठाण्याच्या खटल्यातला, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडे भरपाईसाठी धाव घेतली आणि न्यायालयाने त्यावर ॲटर्नी जनरलांचे साहाय्य मागितले. त्या अर्जांत जे ठरेल त्याचा तुमच्या याचिकेवर थेट परिणाम होईल.

राहिला भाऊ. ताई, याचिका त्याची आहे, तुमची नाही. तुम्ही तिच्यासाठी कागद गोळा करू शकता, पण शपथपत्र त्यालाच करावे लागेल. ‘कोर्टाची पायरी नको’ या त्याच्या म्हणण्यात हट्ट नाही. ज्याने अकरा वर्षे कैदेत काढली आणि ज्याला खटल्याच्या काळात तारखेच्या दिवशी बेडीत नेऊन संध्याकाळी परत आणले गेले, त्याने ती पायरी आपल्या सोयीसाठी पुन्हा चढावी अशी अपेक्षा धरणे सोपे नसते. त्याला दोन गोष्टी खरेपणाने सांगा. रिट याचिकेत त्याला साक्ष द्यावी लागणार नाही आणि सुनावणीला हजर राहण्याची सक्तीही साधारणपणे नसते, ही एक. भरपाई नाकारली जाण्याची शक्यता आहे आणि तरीही त्याच्या निर्दोष मुक्ततेला त्याने धक्का लागत नाही, ही दुसरी. एवढे ऐकूनही तो नाही म्हणाला तर दंड आणि मुद्देमाल परत आणा, कागद एका पिशवीत नीट बांधून ठेवा, आणि दाव्याची वर्षाची मुदत संपण्याच्या दोन महिने आधी त्याला पुन्हा एकदा विचारा.

तो हो म्हणाला तर सहीच्या दिवशी तुम्ही सोबत जा. उच्च न्यायालयातील याचिका इंग्रजीत असते आणि तिच्याखाली ‘मजकूर मला मराठीत वाचून व समजावून सांगितला’ अशा अर्थाची ओळ छापलेली असते. ती ओळ बहुतेक कार्यालयांत न वाचताच सही करून घेतली जाते. भावाच्या बाबतीत तसे होऊ देऊ नका. वकिलांना किंवा त्यांच्या कनिष्ठांना पानन्‌पान मराठीत सांगायला लावा, मग त्याला अर्धा दिवस लागला तरी चालेल, आणि एकही जागा कोरी नाही हे पाहिल्यावरच त्याच्या हाती पेन द्या.